ओटी ते ओटीटी

"मामा, हे उघडायचं कुठून?"

मागच्या महिन्यात एका वीकेंडला रेवदंड्याला, म्हणजे आमच्या गावी गेलो होतो. (पुण्याहून पहाटे निघूनही वडखळ नाक्याला व्हायचा तो उशीर झालाच. असो.) आईनं माळा साफ करायला बोलावलं होतं. "दिवसभर कॉम्प्युटरवर लोकांचा कचरा साफ करतोस, एक दिवस घरचा कर" हे तिचं माझ्या करिअरविषयीचं आकलन. तर माळ्यावरून एक खोका खाली आला. त्यात होत्या चार व्हिडीओ कॅसेट, दोऱ्यात ओवल्यासारख्या रचलेल्या साठ-सत्तर व्हीसीडी आणि थोड्या डीव्हीडी. भाची नऊ वर्षांची आहे. तिनं कॅसेट हातात घेतली, उलटीपालटी केली, हलवून बघितली आणि वरचा प्रश्न विचारला.

मी तिला फडकी उघडून आतली काळी फीत दाखवली. तिचा दुसरा प्रश्न, "यात किती पिक्चर मावतात?" म्हटलं, एक. फार तर एक आणि थोडा. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी आजवर फक्त फ्लॉपी डिस्ककडे बघणाऱ्या फ्रेशर्सच्या डोळ्यांत पाहिली होती.

तिला जे तिथं नीट सांगता आलं नाही ते इथं लिहितोय. तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी व्हीसीआर चालू अवस्थेत पाहिलेला नसणार, त्यामुळे जरा मुळापासून सुरुवात करतो.

*

आधी ओटी म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर शीर्षक वाया जायचं. आमच्या अष्टागरात, म्हणजे अलिबाग ते रेवदंडा या पट्ट्यात, जुन्या घराला आधी पडवी, मग ओटी, मग माजघर. ओटी म्हणजे बसाउठायची, पाहुण्यांची जागा. टीव्ही आला तो साहजिकच ओटीवर आला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आमच्या किनाऱ्यावर मुंबईच्या दिशेला तोंड केलेला ऍन्टेना लावायचा आणि समुद्रावरून येईल ते चित्र बघायचं. वारा सुटला की एकानं कौलांवर चढायचं आणि दुसऱ्यानं खालून ओरडायचं, "आलं, आलं... गेलं!" पण ते सगळं दिल्ली-मुंबईनं ठरवलेलं. कुठला सिनेमा, कुठल्या वारी, किती वाजता, यात आपल्याला विचारणारं कोणी नव्हतं.

ती सत्ता पहिल्यांदा मोडली व्हीसीआरनं. सोनीचं बीटामॅक्स १९७५ चं, जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६ चं. आपल्याकडे १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला आणि त्याच्या मागोमाग व्हिडीओची लाट आली. आमच्या किनाऱ्यावर ती लाट जरा वेगळ्या वाटेनं आली. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा भागातली कितीतरी माणसं, विशेषतः कोकणी मुस्लिम कुटुंबांतली, तेव्हा आखातात नोकरीला होती. सुट्टीवर येताना टू-इन-वन यायचा, घड्याळं यायची, अत्तर यायचं आणि एखाद्या वर्षी व्हीसीआर यायचा. तो एका घरात आला तरी पुऱ्या आळीचा असायचा.

ज्या वाडीत आखातातलं कोणी नसेल तिथे व्हिडीओ भाड्यानं यायचा. गणपतीत किंवा शिमग्याला वर्गणी काढून रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट असं एक 'पॅकेज' आणलं जायचं. "आज रात्री व्हिडीओ आहे" एवढं वाक्य वाडीत फिरलं की दुपारपासून पोरं अंगणात गोणपाट टाकून जागा अडवायची. पहिला पौराणिक किंवा मराठी (म्हाताऱ्यांसाठी), दुसरा अमिताभ किंवा मिथुन (सगळ्यांसाठी) आणि तिसरा मारामारीचा, उरलेल्या जागत्या जनतेसाठी. तिसरा मी कधीच पूर्ण पाहिला नाही. सकाळी सुपारीच्या वाडीत पाणी लावायला जाणारी माणसं तो बघून थेट कामाला जायची.

कॅसेट बहुधा मुंबईहून यायच्या. उन्हाळ्यात चाकरमान्यांच्या पिशवीतून, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येणाऱ्या लाँचनं. नाहीतर एसटीनं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आमच्याकडे सिनेमा घरी येण्याचा इतिहास म्हणजे तो *कोण आणि कुठून आणतो* याचा इतिहास आहे.

*

पुढे अलिबागला व्हिडीओ लायब्ररी झाली. डिपॉझिट भरा, मेंबर व्हा, दिवसाला दहा रुपये. "रिवाइंड करून आणणे, अन्यथा दंड" अशी पाटी. हा धंदा मुळात पुस्तकांच्या लायब्ररीवरून उचललेला होता, आणि हे मी अलंकारिक अर्थानं म्हणत नाही. मुंबईचं शेमारू १९६२ साली सुरू झालं ते पुस्तकं भाड्यानं देणारी लायब्ररी म्हणून. १९७९ मध्ये त्यांनी व्हिडीओ कॅसेट भाड्यानं द्यायला सुरुवात केली. देशातलं ते पहिलं असं दुकान मानलं जातं. नंतर ते कॅसेट, व्हीसीडी, डीव्हीडी काढत राहिले, २०१९ मध्ये त्यांचं स्वतःचं ओटीटी आलं. एका कंपनीच्या चरित्रात आपला सगळा इतिहास आला की नाही?

सिनेमावाले अर्थातच घाबरले होते. अमेरिकेत युनिव्हर्सल स्टुडिओनं सोनीला कोर्टात खेचलं आणि १९८४ च्या जानेवारीत तिथल्या सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला की घरी नंतर बघायला म्हणून टीव्हीवरचा कार्यक्रम रेकॉर्ड करणं हा गुन्हा नाही. त्याच वर्षी आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन 'व्हिडीओ फिल्म' कायद्यात आली आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत वाढली. गंमत बघा, एकाच वर्षी तिकडे घरच्या रेकॉर्डिंगला मोकळीक मिळाली आणि इकडे व्हिडीओच्या चोरीसाठी कायदा कडक झाला. आमच्या वाडीतल्या गोणपाटांवर बसलेल्या पब्लिकला यातलं काही माहीत नव्हतं हे सांगायला नकोच. तिथली प्रत बहुतेक वेळा कॉपीची कॉपी असायची आणि हीरोच्या तोंडावरून मुंग्या चालायच्या.

थोडं तांत्रिक. (कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा.) तीन तासांच्या कॅसेटमध्ये अर्धा इंच रुंदीची साधारण २५८ मीटर फीत असते, म्हणजे पाव किलोमीटर. ती सेकंदाला जेमतेम अडीच सेंटिमीटर सरकते. चित्राची माहिती इतक्या कमी वेगात मावत नाही म्हणून व्हीसीआरमधलं गोल हेड तिरपं बसवून मिनिटाला १५०० वेळा फिरवलं जातं. अप्रतिम इंजिनियरिंग! पण त्या फितीवरचा चुंबकीय थर ज्या चिकट द्रव्यानं बसवलेला असतो ते द्रव्य हवेतला दमटपणा शोषतं. आणि आमच्याकडे जूनमध्ये भिंतीला हात लावला तरी हात ओला होतो. दोन पावसाळ्यांत कॅसेटच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसायला लागायची. मग ती व्हीसीआरमध्ये घातली की हेड चोंदायचं, मग स्पिरिट आणि करकरीत नोट घेऊन काका हेड साफ करत बसायचे. काही घरांत कॅसेटच्या कपाटात झिरोचा बल्ब चोवीस तास चालू असायचा.

म्हणजे "तेव्हा कसं, सगळं आपल्या मालकीचं होतं" वगैरे जे गळे आता काढले जातात ते निदान आमच्या किनाऱ्यापुरते खरे नाहीत. सिनेमा तेव्हाही भाड्याचाच होता. जो विकत घेतला तो बुरशीनं खाल्ला.

*

नव्वदच्या दशकात केबल आली. केबलवाल्याकडेही एक व्हीसीआर असायचाच आणि रात्री साडेनऊला तो एका चॅनेलवर नवा पिक्चर लावायचा. एक कॅसेट आणि दोनशे घरं. विचार केलात तर गावपातळीवरचं स्ट्रीमिंगच झालं. मध्ये लाईट गेली की केबलवाल्याच्या घरी फोन: "मागे घ्या ना थोडं, आमचं फायटिंग राहिलं."

मग व्हीसीडी. १९९३ चं स्टॅण्डर्ड. साध्या ऑडिओ सीडीवर सिनेमा बसवायचा तर चित्राला सेकंदाला ११५० किलोबिट एवढीच जागा उरते आणि एका डिस्कवर ७४ मिनिटं मावतात. अमेरिकन सिनेमा दोन डिस्कमध्ये बसतो, आपला गाण्यांसकट तीन. त्यामुळे आमच्या पिढीला कुठल्याही सिनेमात दोन इंटरव्हल आठवतात: एक दिग्दर्शकाचा आणि एक डिस्कचा. अमेरिका-युरोपात हे माध्यम फारसं रुजलंच नाही, तिथे लोक कॅसेटवरून थेट डीव्हीडीवर (१९९६) गेले. व्हीसीडी गाजली ती चीनमध्ये, आग्नेय आशियात आणि आपल्याकडे. कारण सरळ होतं. प्लेयर स्वस्त, डिस्क स्वस्त, आणि दमट हवेत बुरशीनं खाल्ली जाईल अशी फीत नाही.

आणि इथे एक गोष्ट घडली जी मला तेव्हा कळली नव्हती. डिस्क छापणं इतकं स्वस्त झालं की ज्यांच्यासाठी कुठली कंपनी कॅसेट काढली नसती त्यांच्याही डिस्क निघायला लागल्या. चौल-भोवाळ्याच्या दत्तजयंतीच्या जत्रेत खेळण्यांच्या आणि मिठाईच्या दुकानांच्या रांगेत व्हीसीडीची दुकानं लागायची. त्यात काय काय असायचं! आगरी-कोळी गाणी, हळदीची गाणी, आगरी विनोदी नाटुकली, कुठल्याशा गावच्या पालखीचं शूटिंग, भजनाच्या बाऱ्या. हीरो शेजारच्या गावचा, समुद्र आपलाच, होडीही ओळखीची. मुंबईच्या सिनेमात आमचा किनारा फक्त हीरो-हिरॉइननं पळण्यापुरता असायचा. इथे तो बोलत होता आणि आमच्या भाषेत बोलत होता.

२००७ मध्ये मोझर बेअरनं धमाका केला. कोऱ्या सीडी बनवणारी ही कंपनी सिनेमात उतरली आणि व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ रुपयांना विकू लागली. ओरिजिनल डिस्क, आणि भाव जवळजवळ पायरेटेडचा! तेव्हा मी नुकताच नोकरीत स्थिरावलो होतो. पगार झाला की स्वारगेटहून गावी येताना दहा-बारा डिस्क घेऊन यायचो. खोक्यातल्या निम्म्या त्यातल्याच. 'आता आपली लायब्ररी झाली' असं वाटायचं. ती लायब्ररी पुरी व्हायच्या आत डिस्कचाच जमाना संपला. मोझर बेअर कर्जात बुडत गेली आणि २०१८ मध्ये तिच्या अवसायनाचा, म्हणजे कंपनी मोडीत काढायचा आदेश निघाला.

*

संपवला कोणी? इंटरनेटनं, हे उत्तर बरोबर आहे पण ते एका रात्रीत झालं नाही.

भारत सरकारच्या २००४ च्या धोरणानुसार ब्रॉडबॅण्ड म्हणजे किमान २५६ केबीपीएस. गणित करा. एका सीडीत मावणारा ७०० एमबीचा सिनेमा या वेगानं उतरवायला सहा तास लागतात. आणि बीएसएनएलचा तो सुप्रसिद्ध नाईट अनलिमिटेड प्लॅन आठवतोय? रात्री दोन ते सकाळी आठ. बरोब्बर सहा तास! रात्रीला एक सिनेमा. (काय उतरवायचो ते विचारू नका. कायद्याच्या दृष्टीनं ते गोणपाटावरच्या पब्लिकपेक्षा वेगळं नव्हतं.)

त्याच काळात, नोव्हेंबर २००६ मध्ये, राजश्रीनं 'विवाह' थिएटरमध्ये लावला त्याच वेळी आपल्या वेबसाइटवरही उपलब्ध केला, मुख्यतः परदेशातल्या भारतीयांसाठी. लक्षात घ्या, नेटफ्लिक्सनं स्ट्रीमिंग सुरू केलं ते त्यानंतर, २००७ च्या जानेवारीत. तोवर नेटफ्लिक्स म्हणजे पोस्टानं डीव्हीडी पाठवणारी लायब्ररी. पुन्हा लायब्ररीच!

पण गावात? गावात मधली पायरी होती मेमरी कार्डाची. मोबाईल रिचार्जच्या टपरीवर "कार्ड भरून मिळेल" अशी पाटी. कार्ड द्यायचं, दुकानदार त्याच्या कॉम्प्युटरवरून पाच सिनेमे आणि शंभर गाणी टाकून द्यायचा. बंदरावर बोटीची वाट बघत बसलेली पोरं तळहाताएवढ्या स्क्रीनवर तीन तासांचा सिनेमा बघायची. ओटीवरचा सिनेमा पहिल्यांदा ओटीवरून उठून खिशात गेला तो इथे.

आणि मग आलं २०१६. इतिहासाला कधी कधी टापटिपीची हौस येते. जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं. मार्चमध्ये सोनीनं बीटामॅक्सच्या कॅसेट विकणं थांबवलं (तोवर विकत होते हेच आश्चर्य). जुलैमध्ये फुनाई या जपानी कंपनीनं व्हीसीआरचं उत्पादन बंद केलं आणि जगात व्हीसीआर बनवणारं कोणी उरलं नाही. ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं. डिसेंबरमध्ये प्राइम व्हिडीओ आलं. बारा महिन्यांत एक युग गेलं आणि दुसरं आलं. जो एक जीबी डेटा दोनेक वर्षांपूर्वी अडीचशे रुपयांच्या घरात होता तो काही दिवसांतच रोजचा खुराक झाला.

इथे मी प्रामाणिकपणे कबूल करतो की मला हे आवडलं. आमच्या आईनं उभ्या आयुष्यात जेवढी नाटकं पाहिली नव्हती तेवढी गेल्या काही वर्षांत फोनवर पाहिली. पुण्या-मुंबईत राहून नाटकाला न जाणाऱ्यांना हे कळणार नाही. अलिबागला चांगलं नाटक कधीतरी येणार, आलं तरी रात्रीचा प्रयोग संपल्यावर रेवदंड्याला परतायचं कसं? तिला आता कोणी मुंबईहून काही आणून द्यायची गरज उरली नाही. लाँच नको, एसटी नको, काका नकोत, केबलवाला नको, मीही नको.

मला वाटलं, झाला विषय संपला.

*

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या जरा दक्षिणेला किनाऱ्याला लागलं. म्हणजे जवळपास आमच्याच अंगावर. मी पुण्यात लॉकडाउनमध्ये, स्क्रीनवर त्या चक्राचा उपग्रहातला फोटो बघत बसलेलो. दुपारी आईचा फोन लागला, "कौलं उडतायत" एवढंच ऐकू आलं आणि फोन बंद. त्यानंतर दोन दिवस काही कळलं नाही. टॉवर पडले होते किंवा त्यांचं डिझेल संपलं होतं. विजेचे खांब आडवे, रस्त्यावर झाडं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, चौल, रेवदंडा... चाळीस-चाळीस वर्षांच्या सुपारी-नारळाच्या बागा एका दुपारीत झोपल्या. सुपारीचं झाड लावल्यावर धरायलाच पाच-सात वर्षं जातात. तिथे सिनेमाचं काय घेऊन बसलात, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. ई-पास काढून चौथ्या दिवशी पोचलो तेव्हा माझ्याही डोक्यात सिनेमा नव्हता.

पण एक तारीख डोक्यात राहिली. १२ जून २०२०. थिएटरं बंद म्हणून 'गुलाबो सिताबो' त्या दिवशी थेट प्राइमवर आला आणि सगळीकडे 'सिनेमा आता घरोघरी' अशा चर्चा झडल्या. त्या दिवशी वादळाला नऊ दिवस झाले होते आणि आमच्या घरोघरी अंधार होता. आमच्याकडे वीज यायला तीन आठवडे लागले, काही गावांत त्याहून जास्त. संध्याकाळी सातला सगळे ओटीवर, मध्ये एक कंदील.

तिसऱ्या का चौथ्या संध्याकाळी आई म्हणाली, "माळ्यावरचा खोका भिजलाय का बघ रे. त्यात लग्नाची कॅसेट आहे."

आत्याचं लग्न, मे १९९२. अंगणात मांडव, अलिबागहून आलेला व्हिडीओ शूटिंगवाला, डोळे दिपवणारा तो हॅलोजन. माझे आजोबा १९९४ मध्ये गेले. त्यांचे फोटो आहेत पाच-सहा. पण ते चालताना, बोलताना, कोणावर तरी खेकसताना या पृथ्वीतलावर फक्त एका ठिकाणी आहेत, त्या २५८ मीटर फितीवर. आणि खोका भिजला होता. कौलं नेमकी त्याच्यावरचीच गेली होती.

त्या क्षणी जे डोक्यात आलं ते या लेखाचं कारण आहे. माझं पोट डेटावर चालतं. ऑफिसात एक सर्व्हर पडला तर दुसरा उभा राहतो, एका शहरात पूर आला तर दुसऱ्या शहरात प्रत असते. 'गुलाबो सिताबो'ची मला काळजी नव्हती, वीज आली की तो परत दिसणार होता. क्लाउड म्हणतो आपण, पण तो काही ढगात नसतो. मुंबईतल्या कुठल्यातरी वातानुकूलित इमारतीत डिस्कच असतात, नेटफ्लिक्स तर आपल्या डिस्कांनी भरलेल्या पेट्या इंटरनेट कंपन्यांकडे नेऊन ठेवतं. म्हणजे डिस्क गेलेली नाही. ती फक्त आपल्या ओटीवरून उठून तिकडे राहायला गेली आहे. पण तिकडे *आमचं* काय आहे? आत्याच्या लग्नाची प्रत कुठल्याही पेटीत नाही. चौलच्या जत्रेतल्या त्या आगरी नाटुकल्यांपैकी काही यूट्यूबवर आहेत, चांगली गोष्ट आहे. बाकीच्या? ज्यानं त्या काढल्या त्याच्याकडे तरी मास्टर उरली असेल का?

स्वस्त डिस्कनं एक काम नकळत केलं होतं. एकेका गोष्टीच्या शेकडो प्रती घरोघरी पसरवल्या होत्या. स्टॅनफर्डच्या लायब्ररीवाल्यांनी याच तत्त्वावर एक सिस्टिम बांधली, जितक्या जास्त प्रती तितकी वस्तू सुरक्षित. मोठमोठ्या संस्थांनाही हा नियम चुकलेला नाही. पुण्यात ८ जानेवारी २००३ ला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागून फिल्म अर्काइव्हच्या नायट्रेट निगेटिव्ह जळाल्या, त्यात प्रभातचा मोठा ठेवा गेला. जे सिनेमे आज आपण बघू शकतो ते दुसरीकडे प्रत होती म्हणून.

आणि दूरच्या पेटीत ठेवलेली प्रत आपली नसते, हेही खरंच. २००९ मध्ये ऍमेझॉननं हक्कांच्या वादातून लोकांच्या किंडलमधून विकत घेतलेलं पुस्तक परस्पर काढून घेतलं, आणि पुस्तक कुठलं तर ऑर्वेलचं '१९८४'! (पुढे त्यांनी माफीही मागितली.) सिनेमा तर आपण विकतही घेत नाही, महिन्याच्या भाड्यानं बघतो. कराराची मुदत संपली की तो जातो, दारावर पाटीसुद्धा लावत नाहीत. 'द डिसायपल' हा चैतन्य ताम्हाणेचा मराठी सिनेमा व्हेनिसला पटकथेचं बक्षीस घेऊन आला आणि एप्रिल २०२१ मध्ये आपल्याला दिसला तो नेटफ्लिक्सवर. दुर्मीळ ध्वनिफिती जिवापाड जपणाऱ्या माणसाची गोष्ट, आणि तिची जत्रेत मिळणारी तीस रुपयांची प्रत नाही. खुद्द नेटफ्लिक्सनं अमेरिकेतली पोस्टाची डीव्हीडी सेवा २९ सप्टेंबर २०२३ ला बंद केली. तिच्या संग्रहातलं सगळं स्ट्रीमिंगवर नव्हतं आणि नाही.

*

कॅसेटचं काय झालं ते सांगून संपवतो.

पहिली चूक मी करणार होतो ती म्हणजे ती उन्हात वाळवणं. नशीब, आधी एका जाणकाराला फोन लागला (टॉवरखाली, मोटारसायकलवर उभं राहून). त्यानं सांगितलं, ऊन नको, हेअर ड्रायर नको, आणि काहीही झालं तरी व्हीसीआरमध्ये घालून 'बघूया चालते का' करू नकोस. सावलीत, हवेशीर जागी, उभी ठेव. तशी ठेवली. पुण्याला नेली. फीत कवचातून काढून हातानं साफ केली गेली, नव्या कवचात भरली गेली आणि दुरुस्त केलेल्या जुन्या व्हीसीआरवर एकदाच चालवली. तीन तासांपैकी ४१ मिनिटं निघाली. मंगलाष्टकं नाहीत, पंगतीचा बराच भाग नाही. बाकी बर्फ.

पण आठव्या मिनिटाला मांडवाच्या खांबाशी आजोबा उभे आहेत. शूटिंगवाला हॅलोजन त्यांच्या तोंडावर मारतो, ते हात आडवा धरून म्हणतात, "अरे, जेवलास का तू?" पाच सेकंद असतील.

ती ४१ मिनिटं आता माझ्या लॅपटॉपवर आहेत, आत्याकडे हार्डडिस्कवर आहेत, चुलत भावाकडे कॅनडात आहेत आणि क्लाउडवरही आहेत. चार प्रती, तीन शहरं, दोन खंड. आता येऊ दे वादळ.

मागच्या महिन्यातल्या त्या शनिवारी रात्री भाचीला ती दाखवली. पेनड्राइव्ह लावला ओटीवरच्या टीव्हीला. आई, आत्या, शेजारच्या दोघी, सगळे जमले. आजोबा बोलले तेव्हा कोणी काही बोललं नाही. मग भाचीनं विचारलं, "त्या काकांनी जेवलं का मग?"

कोणालाच माहीत नाही. तो भाग बर्फात गेला.

तेव्हा मंडळी, एक सांगणं. सिनेमे खुशाल स्ट्रीम करा, मीही करतो. पण येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा माळ्यावर चढा. जी गोष्ट कुठल्याच सर्व्हरवर नाही ती आधी खाली काढा. व्हीसीआर बनणं २०१६ मध्येच थांबलंय, उरलेसुरले चालू आहेत तोवरच हे जमणार आहे. फीत वाट बघत नाही, आणि आमच्याकडचा पावसाळा तर नाहीच नाही.

असो. बाकीच्या तीन कॅसेटची कथा पुन्हा केव्हातरी. एकीवर फक्त 'शिमगा' एवढंच लिहिलंय.